केंडो: सात-आठ वर्षांच्या बंदीतून घडलेला, आणि म्हणूनच ऑलिंपिकपासून लांब राहिलेला

२०२६ च्या आशियाई क्रीडास्पर्धांचं यजमानपद जपानच्या आयची प्रांताकडे आणि नागोया शहराकडे आहे. खेळांच्या यादीत ज्युदो आहे, कराटे आहे, मध्य आशियातला कुराश हा कुस्तीप्रकारही आहे. केंडो मात्र नाही. पहिल्या अखिल जपान केंडो स्पर्धेचा विजेता, साकाकिबारा तादाशी, याच आयचीचा होता, हे लक्षात घेतलं तर ही अनुपस्थिती जास्तच डोळ्यांत भरते. केंडो ऑलिंपिकमध्येही नाही, आणि तिथून त्याला कुणी हाकललेलं नाही. जपानमधल्या केंडोच्या मुख्य संघटनेलाच तिथे जाण्याची घाई नाही.

असं का, हे समजून घ्यायचं तर १९४५ ते १९५३ या काळात डोकावावं लागतं. आज आपण पाहतो तो केंडो सामुराईंच्या काळातून जसाच्या तसा उतरलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्यावर बंदी आली. तो परत यावा म्हणून आधी त्याचा निव्वळ खेळ करावा लागला, आणि परत आल्यावर तो निव्वळ खेळ उरू नये म्हणून धडपड करावी लागली. ऑलिंपिकबद्दलची नाखुशी या दोन टप्प्यांतून आलेली आहे.

आधी खेळ समजून घेऊ

केंडो म्हणजे बांबूच्या तलवारीनं खेळायची जपानी तलवारबाजी. या तलवारीला शिनाई म्हणतात. बांबूच्या चार पट्ट्या एकत्र आणून टोकाला चामड्याची टोपी आणि मुठीला चामड्याची खोळ घातली की शिनाई तयार होते. दोन्ही टोकं एका ताणलेल्या दोरीनं जोडलेली असतात. टोकापासून साधारण पाव लांबीवर चामड्याची एक पट्टी घट्ट बांधतात. प्रौढांची शिनाई जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर लांब असते. वजन पुरुषांसाठी किमान ५१० ग्रॅम आणि स्त्रियांसाठी किमान ४४० ग्रॅम लागतं. दोरीची बाजू म्हणजे तलवारीची बोथट पाठ, तिच्या विरुद्धची बाजू म्हणजे धार. बांबूला धार नसते, तरी नियम ती आहे असं धरूनच चालतात.

अंगावर चार भागांचं चिलखत असतं: लोखंडी जाळीचा मुखवटा, जाड हातमोजे, छाती-पोटावरचं कवच आणि कमरेखालच्या झडपा. फटका मारायच्या जागाही चारच: डोकं, मनगट, धडाची बाजू आणि गळा. गळ्यावर फक्त टोकानं भोसकायचं असतं, आणि माध्यमिक शाळेपर्यंतच्या मुलांना त्याची परवानगी नाही. मैदान चौरस किंवा आयताकृती, प्रत्येक बाजू ९ ते ११ मीटर. सामना साधारण ५ मिनिटांचा, आधी दोन गुण मिळवील तो जिंकला. वजनी गट नाहीत.

फटका बसला, तरी गुण का नाही?

पहिल्यांदा सामना पाहणाऱ्याला सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट हीच. शिनाई डोक्यावर सणसणीत आदळते, सगळ्यांना ऐकू येतं, आणि पंच ढिम्म उभे. क्रिकेटमधलं पायचीत आठवा. चेंडू पॅडला लागला एवढ्यानं फलंदाज बाद होत नाही. टप्पा कुठे पडला, पायाला कुठे लागला, पुढे यष्ट्यांवर गेला असता का, हे सगळं जुळलं तरच बोट वर जातं. केंडोतही शिनाई लागणं ही अनेक अटींपैकी एकच अट आहे.

बाकीच्या अटी अशा. फटका शिनाईच्या टोकाकडच्या पाव भागानं बसायला हवा, म्हणजे त्या चामडी पट्टीच्या पुढच्या भागानं. मानलेल्या धारेच्या बाजूनं बसायला हवा. शरीर ताठ हवं आणि आवाजात जोर हवा. उजवा पाय जमिनीवर आपटणं, शिनाई लागणं आणि आरोळी, तिन्ही एकाच क्षणी व्हायला हवीत. सगळ्यात शेवटची अट म्हणजे फटक्यानंतरची सावधता, जिला झानशिन म्हणतात. फटका मारून पुढे निघून जायचं, वळायचं आणि प्रतिस्पर्धी उलटला तर उत्तर देता येईल अशा पवित्र्यात उभं राहायचं.

नवशिक्याचे फटके बाद का होतात, तेही यावरून कळतं. उजव्या हातानं जोर लावला की शिनाई तिरपी फिरते आणि धडाच्या बाजूवर चपटी आपटते. आवाज मोठा येतो, गुण मिळत नाही. फार जवळ जाऊन मारलं की शिनाईचा मधला भाग लागतो, तोही फुकट. मनगटावर मारताना पाय मागे राहिला तर हात एकटाच पुढे जातो. आणि फटका छान बसल्यावर खेळाडूनं आनंदानं मूठ उगारली, तर पंच दिलेला गुण काढून घेऊ शकतात. नियमपुस्तकात तशी तरतूद आहे.

ही गुणपद्धत एवढी काटेकोर का ठेवली, याचं उत्तर युद्धोत्तर इतिहासात आहे.

बंदी का आली?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तलवारीचं प्रत्यक्ष काम संपलं होतं. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर सर्वसाधारण बंदी आली. तलवारविद्या तगली ती मुख्यतः पोलीस दलामुळे, आणि पुढे दाई निप्पॉन बुतोकुकाई या संस्थेमुळे. ही संस्था १८९५ मध्ये क्योतोत स्थापन झाली. तिनं शिक्षक तयार केले, पदव्या दिल्या, वेगवेगळ्या घराण्यांतल्या पद्धतींतून सगळ्यांना शिकता येईल असा सामायिक अभ्यासक्रम बांधला. १९११ मध्ये माध्यमिक शाळांत तलवारविद्या शिकवायला परवानगी मिळाली, १९३१ मध्ये ती सक्तीची झाली.

इथपर्यंत ही शिक्षणाची गोष्ट होती. पुढे ती युद्धाची झाली. १९४२ मध्ये बुतोकुकाई सरकारच्या ताब्यात गेली आणि पंतप्रधान तोजो तिचे अध्यक्ष झाले. शाळांतला केंडो प्रत्यक्ष लढाईच्या अंगानं वळवला गेला. त्यामुळे जपान हरल्यावर दोस्तराष्ट्रांच्या प्रशासनानं तलवारविद्येकडे लष्करी वृत्तीची शाळा म्हणून पाहिलं. केंडोचे चाहते या निर्णयाला निव्वळ अन्याय म्हणतात तेव्हा ते अर्धीच गोष्ट सांगतात. केंडो युद्धयंत्रणेत ओढला गेला होता, आणि त्यातल्या अनेक शिक्षकांनी त्याला साथ दिली होती.

नोव्हेंबर १९४५ मध्ये शिक्षणखात्यानं शाळांतून केंडो, ज्युदो, धनुर्विद्या आणि नागिनाता (लांब दांड्याचं पातं) हे सगळे विषय काढले. या विद्यांसाठीचा ‘बुदो’ हा सामायिक शब्दही शाळांतून हद्दपार झाला. १९४६ मध्ये बुतोकुकाई विसर्जित झाली आणि तिच्या अनेक पदाधिकाऱ्यांना सार्वजनिक पदांची दारं बंद झाली.

घराच्या अंगणात कुणी शिनाई फिरवली म्हणून त्याला तुरुंगात टाकावं, असा मात्र हा प्रकार नव्हता. फास वेगळ्या जागी होता. शाळा नाही, सभागृह नाही, संघटना नाही, शिक्षकाला पगार नाही. एखादी विद्या मारायला एवढं पुरतं, कारण नवी मुलं येणंच थांबतं.

बंदी उठतानाही सगळ्यांना एकच न्याय मिळाला नाही. ज्युदो १९५० मध्ये शाळांत परतला, धनुर्विद्या १९५१ मध्ये. केंडोला त्यांच्याहून जास्त थांबावं लागलं. ज्युदोत हत्यार नव्हतं, आणि केंडो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर युद्धातली तलवार येत होती.

तलवारीला खेळाचे कपडे

या अडचणीतून एक विलक्षण खेळ जन्माला आला: शिनाई क्योगी, म्हणजे शिनाईची स्पर्धा. १९५० मध्ये त्याचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्यामागे सासामोरी जुनझो होते. ते तलवारविद्येच्या एका जुन्या घराण्याचे जाणकार, ख्रिस्ती, अमेरिकेत शिकलेले आणि संसदेतले राजकारणी. नव्या राज्यकर्त्यांना काय खटकतंय आणि काय पटेल, हे त्यांना नेमकं कळत होतं.

त्यांनी काय बदललं ते बघा. घोळदार पारंपरिक पोशाख गेला, शर्ट आणि पँट आली. जड मुखवट्याच्या जागी पाश्चात्त्य फेन्सिंगसारखा हलका मुखवटा आला. चार पट्ट्यांच्या शिनाईऐवजी पुढचा भाग अनेक बारीक कांबट्यांत चिरलेला आणि वर खोळ चढवलेला मऊ दांडा आला, त्यामुळे चिलखतही हलकं चाललं. आरोळ्यांना लगाम बसला. पाय अडकवून पाडणं आणि अंगावर धडकणं बंद झालं. युद्धापूर्वीच्या केंडोत पाडापाडी आणि झोंबाझोंबी चालत असे. मैदान आखलं गेलं, वेळ ठरली आणि त्या वेळेत जास्त गुण मिळवणारा जिंकू लागला. तीन पंच आणि निशाणं आली.

१९५२ मध्ये हा खेळ शाळांत शिरला. कट्टर मंडळींना तो फिका वाटला, आणि तो फिका होताच. पण शाळेचं दार त्यानंच उघडलं, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. सासामोरींनी नियम बदलायला नकार दिला असता, तर केंडोला आणखी किती वर्षं बाहेर ताटकळावं लागलं असतं, कोण जाणे.

परत आला, पण कोणता केंडो?

सान फ्रान्सिस्कोचा शांतता करार २८ एप्रिल १९५२ ला अमलात आला आणि जपान पुन्हा स्वतंत्र झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अखिल जपान केंडो महासंघ स्थापन झाला. पहिले अध्यक्ष किमुरा तोकुतारो, हेही वकील आणि राजकारणी. १९५३ मध्ये उच्च माध्यमिक शाळांत केंडोला परवानगी मिळाली आणि तोक्योच्या कुरामाएमध्ये पहिली अखिल जपान स्पर्धा झाली. १९५४ मध्ये शिनाई क्योगीचा महासंघ केंडो महासंघात विलीन झाला. १९५७ मध्ये दोन्हींचा मिळून शालेय केंडो झाला आणि तो माध्यमिक शाळांतही पोहोचला.

विलीनीकरणानंतर दिसायला जुना केंडो जिंकला. पोशाख, जड मुखवटा, आरोळ्या, चार पट्ट्यांची शिनाई, सगळं परत आलं. पण आखलेलं मैदान, ठरलेली वेळ, निशाणं घेतलेले तीन पंच आणि पाडापाडीला मनाई, हे सगळं राहिलं. आजच्या सामन्याचा सांगाडा बंदीच्या काळात उभा राहिला, असं मी म्हणतो ते याच अर्थानं.

पुढच्या वीस वर्षांत मुलांची झुंबड उडाली आणि दुसरीच तक्रार सुरू झाली. स्पर्धा वाढल्या तशी गुण चोरण्याची वृत्ती वाढली: चटकन टिचकी मारून पळणं, बचावातच वेळ काढणं. १९७५ मध्ये महासंघानं केंडोची संकल्पना अधिकृतपणे लिहून काढली. तलवारीच्या तत्त्वांच्या अभ्यासातून माणसाची घडण करणं म्हणजे केंडो, असा तिचा आशय आहे. १९५० मध्ये ‘हा फक्त खेळ आहे, तलवार नव्हे’ असं पटवून द्यावं लागलं होतं. पंचवीस वर्षांनी त्याच लोकांना ‘हा फक्त खेळ नाही, यात तलवार आहे’ असं लिहून ठेवावं लागलं. धारेची बाजू, फटक्यानंतरची सावधता, आनंदाचं प्रदर्शन नको, या अटी एवढ्या आग्रहानं जपल्या जातात त्या त्यामुळेच.

जगभर कसा पसरला?

तीन वाटांनी. पहिली वाट स्थलांतरितांची. हवाई, अमेरिकेचा पश्चिम किनारा आणि ब्राझील इथे जपानी कुटुंबं युद्धापूर्वीच गेली होती, आणि केंडो त्यांच्यासोबत गेला होता. युद्धात अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं, तेव्हा हे सगळं विस्कटलं. नंतर ते पुन्हा उभं राहिलं.

दुसरी वाट वसाहतींची. कोरिया आणि तैवानमध्ये केंडो जपानी राजवटीनं नेला. राजवट गेली, तरी खेळ राहिला. कोरियात त्याला कुमडो म्हणतात. तिथल्या सामन्यात सुरुवातीची उकिडवं बसून करायची सलामी वगळतात आणि लाल-पांढऱ्याऐवजी निळी-पांढरी निशाणं वापरतात. कुमडोची मुळं कोरियाच्या स्वतःच्या तलवारपरंपरेत आहेत, असा दावाही तिथे केला जातो. आजच्या खेळाची साधनं आणि गुणपद्धत पाहिली तर ती जपानमधूनच आली, हे स्पष्ट आहे. पण ज्या देशावर तो राज्यकर्त्यांनी लादला, त्या देशाला तो स्वतःचा करून घ्यावासा वाटतो, यात नवल नाही.

तिसरी वाट युरोपची. तिथे आधी ज्युदो पसरला होता, आणि त्यातून जपानी विद्यांची गोडी लागलेल्या लोकांनी केंडो धरला. अडसर साधनांचा होता. ज्युदोला एक जाड सदरा आणि चटई पुरते. केंडोला प्रत्येकी एक चिलखत लागतं आणि शिनाई मोडत राहतात. त्यामुळे वापरलेली चिलखतं पाठवणं, शिक्षक दौऱ्यावर पाठवणं आणि परदेशी शिक्षकांना जपानमध्ये बोलावून शिकवणं, यावर जपानच्या महासंघानं भर दिला. साइतामा प्रांतातल्या कितामोतोचं उन्हाळी शिबिर त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

१९७० मध्ये १७ देश आणि प्रदेशांनी मिळून आंतरराष्ट्रीय केंडो महासंघ स्थापन केला आणि त्याच वर्षी पहिली जागतिक स्पर्धा जपानमध्ये झाली. आता सदस्यसंख्या साठाच्या वर आहे. स्पर्धा साधारण दर तीन वर्षांनी होते. २०२१ ची पॅरिसची स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली, २०२४ ची मिलानमध्ये पार पडली. पुरुषांचं सांघिक विजेतेपद जपाननं आजवर एकदाच गमावलं आहे. २००६ मध्ये तैपेईत उपांत्य फेरीत अमेरिकेनं जपानला हरवलं आणि शेवटी विजेता ठरला दक्षिण कोरिया.

मग ऑलिंपिकला नकार का?

कारण ज्युदोचा अनुभव समोर आहे. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदो आला आणि त्यासाठी निप्पॉन बुदोकान हे सभागृह बांधलं गेलं. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या अँटन गेसिंकनं जपानच्या कामिनागा आकिओला हरवलं. जिंकल्याबरोबर आनंदानं मॅटवर धावत येणाऱ्या आपल्याच चाहत्यांना गेसिंकनं हात उंचावून थांबवलं. तो क्षण जपानी लोक आजही आदरानं आठवतात. त्याच ऑलिंपिकच्या निमित्तानं बुदोकानमध्ये केंडोचं प्रात्यक्षिकही झालं होतं.

पुढे ज्युदो बदलत गेला. वजनी गट वाढले, गुणांचे प्रकार आले आणि गेले, दूरदर्शनवर खेळाडू ओळखू यावेत म्हणून जपानचा विरोध असताना निळा पोशाख आला, पाय धरून पाडण्यावर बंदी आली. ज्युदो त्यामुळे बिघडला असं मला वाटत नाही, जगभरातल्या लाखो मुलांना तो मिळाला. पण नियम ठरवण्याची सूत्रं जपानच्या हातून गेली, हे खरं आहे. केंडोवाल्यांना नेमकी याचीच भीती आहे. एकदा खेळ फक्त खेळ झाला की त्यातलं काय उरतं, हे त्यांनी शिनाई क्योगीत स्वतः करून पाहिलं होतं.

“पण पंचांच्या मर्जीवर गुण देणं न्याय्य कसं?”

हा आक्षेप खरा आहे. फेन्सिंगसारखी विजेची यंत्रणा बसवली तर शिनाई लागली की नाही एवढं कळेल. धारेची बाजू, आवाज, पायाचा मेळ आणि नंतरची सावधता मात्र यंत्राला दिसणार नाही, आणि अर्धा गुण तर तिथेच ठरतो. म्हणून तीन पंच तीन बाजूंनी पाहतात आणि दोघांचं एकमत लागतं. तरीही चुका होतात. जपान आणि कोरियाच्या लढतींनंतर पंचांवरून वाद झालेले आहेत. पंचांत जपानी परंपरेचं वजन जास्त, ही बाहेरच्यांची तक्रार केंडोनं अजून नीट सोडवलेली नाही.

“शाळेत सक्ती म्हणजे पुन्हा तेच नाही का?”

२०१२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत बुदो पुन्हा सक्तीचा विषय आहे. बहुतेक शाळांनी ज्युदो निवडला, काहींनी केंडो. सक्तीला मर्यादा आहे, आणि ती न्यायालयानं आधीच आखली होती. कोबेच्या एका तांत्रिक महाविद्यालयात यहोवाच्या साक्षीदार पंथाच्या एका विद्यार्थ्यानं धर्मश्रद्धेमुळे केंडोच्या प्रात्यक्षिकात भाग घ्यायला नकार दिला. त्याला नापास करून शेवटी काढून टाकण्यात आलं. १९९६ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्याच्या बाजूनं निकाल दिला. पर्यायी काम देण्याचा विचारच महाविद्यालयानं केला नाही, हे न्यायालयाला मान्य झालं नाही. युद्धकाळातल्या सक्तीत आणि आजच्या सक्तीत फरक आहे तो असा.

“मार लागत नाही का?”

लागतो, पण डोक्याला कमी आणि पायांना जास्त. डावी टाच वर ठेवून पुढे झेपावायचं असतं, त्यामुळे डाव्या पायाची टाचेमागची शीर तुटणं ही केंडोतली नेहमीची मोठी दुखापत. उजवा पाय चुकीचा आपटला की टाच सुजते. मनगटाचा फटका चुकला की उघड्या कोपरावर बसतो. उन्हाळ्यात चिलखतात उष्माघात होऊ शकतो.

सगळ्यात गंभीर धोका शिनाईचाच. बांबूची कुस निघाली की ती मुखवट्याच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकते. म्हणून सरावाआधी प्रत्येक वेळी शिनाई बोटांनी चाचपून पाहायची. बारीक कुस असेल तर घासून गुळगुळीत करायची. पट्टी तडकली असेल तर ती बदलायची, चिकटपट्टी लावून खेळायचं नाही. मधली चामडी पट्टी सैल झाली की पट्ट्या फाकतात, आणि टोकाची टोपी फाटली की एखादी पट्टी थेट बाहेर येते. दोरी सैल सोडली तर हे दोन्ही व्हायची शक्यता वाढते.

सामना पाहायला बसलात तर

पुढची जागतिक स्पर्धा २०२७ मध्ये तोक्योत आहे, तिचं चित्रण सहज पाहायला मिळेल. शिनाई डोळ्यांनी पकडता येत नाही इतकी वेगात फिरते, तेव्हा तिच्या मागे लागू नका. खेळाडूच्या पाठीवर लाल किंवा पांढरी फीत असते, तिचा रंग लक्षात ठेवा आणि नजर पंचांच्या हातांकडे ठेवा. निशाण तिरकं वर गेलं म्हणजे त्या रंगाला गुण. दोन्ही निशाणं खाली एकमेकांवरून हलवली म्हणजे फटका अमान्य. दोन्ही खाली एकमेकांवर धरून स्थिर ठेवली म्हणजे त्या पंचाला नीट दिसलंच नाही. निशाण वर गेलं नाही, तर चित्रण थोडं मागे नेऊन फटक्यानंतरचे दोन क्षण पाहा. खेळाडू वळून पवित्र्यात उभा राहिला की अंग सैल सोडून चालू लागला, यात बहुतेक वेळा उत्तर सापडतं.